हजेरीची मिळकत

"वर्षभर फी भरली, दर आठवड्याला पहाटे उठलो, शेकड्यांनी कार्डं वाटली. हाती काय आलं?"

पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात, कुठेही व्यावसायिकांच्या नेटवर्किंग गटाचा विषय काढा, हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. बोलणारा खोटं बोलत नसतो. पैसे खरोखर गेलेले असतात, झोप खरोखर मोडलेली असते. हॉटेलच्या हॉलमध्ये इडली-पोह्यांची बशी हातात धरून त्याने चाळीस अनोळखी माणसांना आपलं नाव सांगितलेलं असतं. बारा महिन्यांनी हिशेब मांडला तर एखाददुसरं किरकोळ काम आणि बाकी नुसते फोन नंबर. मग तो दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर हा सगळा प्रकारच पोकळ आहे, नाहीतर आपला धंदा अशा ठिकाणी चालणारा नाही.

ही तक्रार मला महत्त्वाची वाटते, कारण ती करणारी माणसं बहुतेक पहिल्या पिढीची धंदेवाली असतात. ज्यांच्या घरात दुकान नव्हतं, ज्यांचे मामा-काका घाऊक बाजारात नव्हते, ज्यांनी नोकरी सोडून किंवा नोकरी न मिळाल्यामुळे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं, सीएची प्रॅक्टिस सुरू केली, डबे द्यायला सुरुवात केली, अशी ही माणसं. त्यांच्या दृष्टीने वर्षाची फी ही लहान रक्कम नसते, आणि सकाळी सातला घराबाहेर पडायचं तर घरातल्या कुणाला तरी मुलांचं आवरावं लागतं. एवढं करून हात रिकामे राहिले तर चूक कुठे झाली, हे नीट तपासलं पाहिजे.

आधी या बैठकीचं स्वरूप पाहू. आज जगभर पसरलेला साचा घडवला तो आयव्हन मिसनर या अमेरिकी सल्लागाराने, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावी. त्याचा एक मोठा ग्राहक हातचा गेला होता आणि नव्या कामासाठी त्याला ओळखीपाळखीच्या लोकांकडून शिफारसी हव्या होत्या. म्हणून त्याने काही मंडळींना नाश्त्याला एकत्र बोलावलं. एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचा, एवढी अट. एका बाईंना या गटात जागा मिळेना, कारण त्यांच्या व्यवसायाचा माणूस आधीच आत होता. तेव्हा त्यांच्यासाठी दुसरा गट काढावा लागला, आणि पुढे गट वाढतच गेले. हीच ती बीएनआय. आपल्याकडच्या शहरांतही तिचे 'चॅप्टर' रुळले आहेत. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे या रेल्वेतल्या अभियंत्याने सॅटर्डे क्लब सुरू केला. तुकोबांच्या अभंगातल्या एका ओळीचा शेवट बदलून त्याचं घोषवाक्य केलं आहे, आणि परस्परांच्या मदतीने श्रीमंत होऊ असं त्यात उघडपणे म्हटलं आहे. पैसा मिळवणं ही लपवायची गोष्ट नाही, हे मराठी माणसाला मराठीत सांगायची गरज होती, असं मला वाटतं.

साप्ताहिक बैठक साधारण दीड तासाची. प्रत्येकाने उभं राहून मिनिटभरात आपलं काम सांगायचं, एखाद्याने दहा मिनिटं सविस्तर बोलायचं, पाहुण्यांची ओळख करून द्यायची, आणि मग मुख्य भाग: गेल्या आठवड्यात मी कुणाला कुणाचं नाव दिलं आणि त्यातून कुणाला किती काम मिळालं, याची नोंद. हजेरीची शिस्त कडक असते. बीएनआयमध्ये सहा महिन्यांत तीनच गैरहजेऱ्या चालतात. येता येत नसेल तर आपल्या जागी बदली माणूस पाठवायचा. नव्या सदस्याला हा जाच वाटतो. धंदा माझा, वेळ माझा, मग शाळेसारखी हजेरी कशाला?

पन्नास बैठका धरल्या तर वर्षाचे ७५ तास झाले. त्यात तुमच्या तोंडून तुमच्या धंद्याविषयी जे शब्द निघतात, ते सगळे मिळून जेमतेम तासभर भरतात. उरलेले ७४ तास तुम्ही दुसऱ्यांचं ऐकत बसलेले असता. जो आपलं मिनिट गाजवायला येतो, त्याच्या पदरात फार थोडं पडतं, ते या हिशेबामुळे. बैठकीत खरं काम बोलणाऱ्याचं नसतं, ऐकणाऱ्याचं असतं. शेजारच्या खुर्चीवरच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला कोणत्या प्रकारची सोसायटी हवी आहे हे ज्याच्या कानात मुरलं आहे, तोच रविवारी मेव्हण्याच्या सोसायटीत वाळवीचा विषय निघाल्यावर खिशातून फोन काढतो.

आणि तिथेही तो थबकतो. माझ्या मते सगळी गोष्ट या थबकण्यात आहे. मेव्हण्याला नाव द्यायचं म्हणजे आपली पत पणाला लावायची. माणूस वेळेवर जाईल ना? सांगितलेल्या भावात काम करील ना? उद्या काम बिघडलं तर मेव्हणा पेस्ट कंट्रोलवाल्याला विसरेल, मला विसरणार नाही. दर दिवाळीला ऐकवील. या एका क्षणी नाव द्यायचं की नाही हे ठरवायला माणसाजवळ पुरावा काय असतो? कार्ड नव्हे, वेबसाइट नव्हे. तो गेले आठ महिने दर गुरुवारी सात वाजता हजर होता, बोललेला फोन त्याने केला होता, एकदा चुकला तेव्हा आदल्या दिवशी कळवलं होतं, एवढाच पुरावा. कडक हजेरी लावली जाते ती यासाठी. हजेरीपटावर माणसाचा शब्द दर आठवड्याला थोडाथोडा तपासला जातो.

आपल्या आया-मावश्यांची भिशी याच तत्त्वावर चालत आली आहे. ज्या बाईला पहिल्याच महिन्यात रक्कम लागते, तिने उरलेले अकरा महिने हप्ता दिला पाहिजे, याला कागद नसतो, जामीन नसतो. दर महिन्याला त्याच बायका त्याच दिवशी एकमेकींच्या घरी चहा पितात, हाच जामीन. नेटवर्किंग गटात पैशाऐवजी नाव फिरतं, आणि जो आपली बारी आली की रक्कम उचलून पुढचे हप्ते चुकवतो, त्याला दोन्हीकडे पुन्हा कुणी घेत नाही.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. चीनमधल्या नानचांग शहरात जिंग त्साय आणि ॲडम साइडल या अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८२० तरुण लघुउद्योग घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे भाग पाडले. काहींच्या मालक-व्यवस्थापकांचे छोटे गट करून त्यांना वर्षभर दर महिन्याला भेटायला लावलं, काहींना लावलं नाही. भेटणाऱ्या कंपन्यांची उलाढाल न भेटणाऱ्यांच्या तुलनेत ८.१ टक्क्यांनी वाढली. नफा वाढला, पुरवठादार आणि ग्राहक वाढले, कर्ज मिळणं वाढलं. बैठका थांबल्यावर आणखी वर्षभराने मोजलं तरी फरक टिकून होता. कुणी शिकवायला नव्हतं, भाषणं नव्हती. माणसं नेमाने भेटत होती, एवढंच.

त्या अभ्यासातल्या दोन बारीक गोष्टी मला जास्त मोलाच्या वाटतात. संशोधकांनी नियमित गटांखेरीज एकदाच होणाऱ्या काही भेटीही घडवून आणल्या. माणसं तशीच, धंदे तसेच. तरीही नव्या व्यापारी जोड्या जास्त जमल्या त्या नियमित बैठकांतून. दुसरं असं, की निधी मिळण्याच्या एका संधीची माहिती त्यांनी मुद्दाम मोजक्या लोकांनाच दिली आणि ती गटात पसरते का ते पाहिलं. जिथे सदस्य एकमेकांचे स्पर्धक नव्हते तिथे ती अधिक पसरली. एका व्यवसायाला एकच खुर्ची हा जुना नियम माणसांच्या स्वभावातून आला आहे. आपल्या ताटातलं जाणार नाही याची खात्री असली की माणसं मोकळी बोलतात.

आपल्या देशातला पुरावा कोलकात्याचा आहे. बेंजामिन फाइगेनबर्ग, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी छोटी कर्जं घेणाऱ्या बायकांच्या गटांवर अभ्यास केला. काही गट आठवड्याला भेटत, काही महिन्याला. कोणता गट कुठे, हे पुन्हा चिठ्ठीने ठरलेलं. पहिलं कर्ज फिटल्यावरही आठवड्याला भेटलेल्या बायकांचं एकमेकींकडे येणं-जाणं जास्त राहिलं. दुसऱ्या कर्जाच्या वेळी महिन्याला भेटलेल्या गटांत हप्ते बुडण्याचं प्रमाण त्यांच्यापेक्षा सुमारे साडेतीन पट होतं. या बायका सुरुवातीला मैत्रिणी नव्हत्या. भेटींची वारंवारता हीच मैत्रीची सुरुवात ठरली, आणि पैसा तिच्या मागून आला.

आता त्या तक्रार करणाऱ्या सदस्याकडे परत येऊ. त्याने हजेरी लावली होती. मग का मिळालं नाही? एक तर बहुतेकांचं मिनिट वाया जातं. "ज्यांना ज्यांना विमा हवा असेल त्यांनी जरूर संपर्क साधा." हे वाक्य ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणीच येत नाही, कारण "ज्यांना ज्यांना" नावाचा माणूस कुणाच्याच ओळखीचा नसतो. त्याऐवजी तोच विमा सल्लागार म्हणाला, "तुमच्या भावकीत, मित्रांत, या वर्षी पहिलं मूल झालेलं आणि गृहकर्ज चालू असलेलं जोडपं आहे का?" की खोलीतल्या पाच-सहा जणांना नेमकं घर आठवतं. मॉड्युलर किचनवाल्याने "बाणेर-बालेवाडीकडे नुकता ताबा मिळालेली टू बीएचकेवाली मंडळी" म्हणावं, पुढच्या आठवड्यात "जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत झाली आणि परत राहायला आलेले ज्येष्ठ लोक" म्हणावं. दर आठवड्याला एकच नेमकी मागणी. वर्षात पन्नास वेगवेगळ्या मागण्या होतात, आणि त्या तयार करायला बसलं की आपला खरा ग्राहक कोण हे मालकाला स्वतःलाच पहिल्यांदा कळतं. कित्येक धंद्यांत हे उपउत्पादन मुख्य मालापेक्षा किमती निघतं.

पण सर्वांत मोठी गफलत दोन बैठकांच्या मधल्या सहा दिवसांत होते. ज्याला ही मंडळी 'वन-टू-वन' म्हणतात, ती दोघांनीच बसून केलेली तासाभराची भेट, तिथे खरी ओळख होते. चाळीस जणांच्या गटात आठवड्याला एक भेट केली तर सगळ्यांशी एकेकदा बसायला जवळजवळ नऊ महिने लागतात. म्हणजे जो महिन्याला एक भेट करतो, त्याने वर्षअखेरीस गटातल्या दोन-तृतीयांश लोकांचं दुकान पाहिलेलंही नसतं. आणि न पाहिलेल्या दुकानाचं नाव कोण कुणाला देईल?

ही भेट कॅफेत न होता कामाच्या जागी व्हावी असं माझं आग्रहाचं मत आहे. पावडर कोटिंगच्या शेडमध्ये उभं राहून भट्टीची धग अंगावर घेतली, जॉब टांगण्याआधी तो किती वेळा धुतात ते पाहिलं, की त्या माणसाबद्दल तुम्ही तिसऱ्याला जे सांगाल त्याला वेगळं वजन येतं. केटररच्या किचनमध्ये सकाळी भाजी निवडताना पाहिलेली स्वच्छता दहा सादरीकरणांपेक्षा जास्त सांगते. शिवाय तिथे माणूस खरं बोलतो. उधारी कुठे अडकली, कारागीर का टिकत नाहीत, बँकेने सीसी लिमिट का वाढवली नाही, हे सगळं तिथे निघतं, आणि मदत करायची खरी जागा तिथेच सापडते. ती मदत ग्राहक मिळवून देण्याचीच असेल असं नाही. चांगला वेल्डर सुचवणं, जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यायला माणूस सांगणं, याचा उपकार माणसं अधिक काळ लक्षात ठेवतात.

मोकळ्या समारंभात माणसं आपसूक मिसळतात, ही समजूतही सोडून द्यायला हवी. कोलंबिया विद्यापीठातले पॉल इन्ग्रॅम आणि मायकल मॉरिस यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका संध्याकाळच्या मेळाव्यात आलेल्या अधिकाऱ्यांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले आणि कोण कुणाशी किती बोलतं ते नोंदवलं. नव्या ओळखी करायच्या आहेत, असं आधी बहुतेकांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते ओळखीच्यांशीच जास्त बोलले. गटातही हेच होतं. वर्षानुवर्षं तेच चौघे एका टेबलावर बसतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं होतं की, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी ५५.६ टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती, वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून जेमतेम १६.७ टक्क्यांना. रोजच्या मित्राला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतं. वेगळी बातमी वेगळ्या वर्तुळातून येते. म्हणून दर बैठकीत खुर्ची बदलावी. गटातली सुताराची आणि सॉफ्टवेअरवाल्याची ओळख दोघांनाही उपयोगाची असते ती याचमुळे.

या सगळ्यांचा मूळ पुरुष शोधायचा तर मला बेंजामिन फ्रँकलिनकडे जावंसं वाटतं. १७२७ मध्ये फिलाडेल्फियात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने काही ओळखीच्या कामकरी तरुणांचा 'जंटो' नावाचा गट काढला. सभासद बाराच्या आसपास. दस्तऐवजांच्या नकला करणारा एक, काचकाम करणारा एक, मोजणीदार, चांभारकाम शिकलेला, सुतारकाम करणारा, व्यापाऱ्याकडचा कारकून. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचे. बैठकीत विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवलेले होते. गावात नवा लायक माणूस आला आहे का, धंद्याचा नुकताच जम बसवलेल्या कुणाला उत्तेजन देता येईल, कुणाची मैत्री हवी आहे आणि ती गट मिळवून देऊ शकतो का, अशा धर्तीचे. आजच्या कुठल्याही चॅप्टरची कार्यपत्रिका यापेक्षा फार वेगळी नाही.

फ्रँकलिनने छापखाना काढला तेव्हा त्याला पहिलं मोठं काम मिळालं ते याच गटातून. नकला करणाऱ्या जोसेफ ब्राइंटनॉलने क्वेकर पंथीयांच्या इतिहासग्रंथाचे चाळीस ताव त्याला मिळवून दिले. भाव कमी होता. फ्रँकलिन दिवसाला एक ताव जुळवायचा, रात्री अकरा किंवा त्याहूनही उशिरापर्यंत खिळे परत खणांत लावत बसायचा. एका रात्री काम संपलं असं वाटत असताना जुळवलेली दोन पानं हातून मोडून विस्कटली. त्याने झोपायच्या आधी ती पुन्हा जुळवली. शेजारीपाजारी हे रोज पाहत होते. व्यापाऱ्यांच्या क्लबात नव्या छापखान्याबद्दल बोलणं निघालं तेव्हा बहुतेकांचं मत पडलं की हा टिकणार नाही. बेअर्ड नावाचे एक डॉक्टर म्हणाले, टिकेल, कारण मी रात्री घरी जातो तेव्हा हा कामावर असतो आणि सकाळी शेजारी उठायच्या आधी पुन्हा कामावर असतो. लवकरच एका व्यापाऱ्याने त्याला लेखनसाहित्य पुरवायची तयारी दाखवली. पुढे छापखान्याचं कर्ज थकून दावा लागला तेव्हा जंटोतलेच दोन मित्र, रॉबर्ट ग्रेस आणि विल्यम कोलमन, एकमेकांना न सांगता पैसे घेऊन आले. त्याने दोघांकडून निम्मे-निम्मे घेतले. गट जवळपास चाळीस वर्षं चालला.

ही हकीकत मला मोठी वाटते, कारण तिच्यात क्रम दिसतो. ओळखीने काम मिळालं, पण ओळखीने ते टिकलं नाही. पहिलं काम ब्राइंटनॉलच्या शब्दावर आलं, पुढची पत आली ती रात्रीच्या दिव्यावर. आपल्याकडचे गट पहिल्या टप्प्याची तयारी भरपूर करून घेतात. बोलावं कसं, कार्ड कसं द्यावं, सगळं शिकवतात. मिळालेल्या कामाचं काय झालं याची चौकशी मात्र दुबळी असते. नाव दिलं, फोन झाला, कोटेशन गेलं, पुढे शांतता. ज्याने नाव दिलं त्याला महिन्याने मेव्हण्याकडून कळतं की "तुझा तो माणूस आलाच नाही." हे एकदा घडलं की तो सदस्य चांगला असला तरी त्याचं नाव त्या तोंडातून पुन्हा निघत नाही. काम मिळो वा न मिळो, नाव देणाऱ्याला आठवड्याच्या आत फोन करून काय झालं ते सांगणं, ही एक सवय असेल तर बाकीच्या दहा उणिवा माणसं पोटात घालतात.

देण्याविषयीही स्पष्ट बोललं पाहिजे. आधी द्या, मग मिळेल, हे या गटांचं मुख्य तत्त्व. ते खरं आहे, पण त्याला कुंपण लागतं. ॲडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने 'गिव्ह अँड टेक' या २०१३ च्या पुस्तकात दाखवलं आहे की दुसऱ्यांना देत राहणारी माणसं कामगिरीच्या यादीत सर्वांत वर असतात आणि सर्वांत खालीही असतात. खालची ती, जी स्वतःचं काम बाजूला ठेवून ज्याच्या त्याच्या हाकेला धावतात. गटात अशी भली माणसं हमखास भेटतात. हॉल ठरवायचा, पाहुण्यांना फोन करायचे, सहलीचं बघायचं, सगळं त्यांच्यावर, आणि त्यांच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक परत जातं. त्यांना कुणीतरी जवळ बसवून थांबवायला हवं. आठवड्याला किती तास देणार हे ठरवून, तेवढे तास न चुकता देणं, यातलं सातत्य धंद्याच्या मुळावर येत नाही.

आणि मोजणीचा रोग. प्रत्येकाने किती नावं दिली, किती पाहुणे आणले, याचे तक्ते लागतात, हिरवे-पिवळे-लाल रंग दिले जातात. मोजल्याशिवाय शिस्त येत नाही हे मान्य. पण आकड्याच्या दडपणाखाली माणसं पोकळ नावं देऊ लागतात. "माझा एक मित्र कदाचित गाडी घेणार आहे" याचीही चिठ्ठी होते. रोटरीच्या इतिहासात याचा धडा आहे. पॉल हॅरिसने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तीन मित्रांसह सुरू केलेला तो क्लब आरंभी उघडपणे एकमेकांना धंदा देण्यासाठी होता. कोणी कुणाला किती काम दिलं याची नोंद ठेवायला स्वतंत्र पदाधिकारी होता. पुढच्याच वर्षी डोनाल्ड कार्टर या वकिलाला सभासद होण्याचं निमंत्रण दिलं तेव्हा त्याने हरकत घेतली की नुसत्या देवाणघेवाणीवर चालणारी संस्था टिकणार नाही, गावासाठी काही केलं पाहिजे. १९०७ मध्ये या क्लबाच्या पुढाकाराने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहाची मोहीम सुरू झाली. कार्टरचं म्हणणं त्यांनी ऐकलं नसतं तर रोटरी आज कुणाला ठाऊक असती का, मला शंका आहे. निव्वळ नोंदवही माणसांना फार काळ एकत्र धरत नाही.

काही धंद्यांना हे गट खरोखरच उपयोगाचे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. चहाची टपरी, किराणा, जिथे गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं आणि दहा-वीस रुपयांचा व्यवहार करून जातं, तिथे शिफारशीला किंमत नाही. ज्याचा माल तीनच मोटार कंपन्या घेतात, त्याला चाळीस जणांच्या ओळखीपेक्षा त्या तीन खरेदी विभागांतली एक ओळख पुरते. जिथे व्यवहार मोठा, क्वचित होणारा आणि फसवणुकीची भीती असलेला, म्हणजे घराचं काम, लग्नकार्य, कायदा, हिशेब, विमा, आरोग्य, यंत्रसामग्री, तिथे दिलेल्या नावाचं मोल सर्वाधिक. फी भरण्याआधी आपला धंदा कोणत्या बाजूला आहे हे पाहावं.

जातीच्या जाळ्यात माणसाची ही पारख आपोआप होत असे. थॉमस टिंबर्ग यांनी मारवाडी व्यापाऱ्यांवर १९७८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात 'बासा'ची माहिती आहे. राजस्थानातल्या गावाहून कलकत्त्यात उतरलेल्या पोराला जेवायला-झोपायला जागा देणारी ही सामायिक खाणावळ. तिथे राहता राहता त्याला काम मिळायचं, भाव कळायचे, उधारी मिळायची, आणि तो कसा आहे हे बाकीच्यांना रोज दिसायचं. आपल्याकडे 'मराठी माणूस धंद्यात मागे' या विषयावर भाषणं भरपूर झाली, स्वभावाला दोष देऊन झाले. मला तो दोष पटत नाही. वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर काढलं, आ. रा. भटांनी १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर उभं केलं. कारखानदारांना एकत्र आणणाऱ्या संस्था आपल्याकडे झाल्या. पण कालपरवा सुरुवात केलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या माणसाला रोज दिसण्याची आणि पारखलं जाण्याची जागा फारशी नव्हती. जातीच्या आणि नात्याच्या जाळ्यात ज्यांचा जन्म झाला नाही, त्यांना साप्ताहिक बैठक ही जागा देते. दलित तरुण, शेतकऱ्याचा मुलगा, नवरा गेल्यावर त्याचा प्रेस चालवणारी बाई, यांना तिथे आडनावाच्या नव्हे, हजेरीच्या जोरावर पत मिळू शकते. शकते म्हणतो, कारण गटही आपल्यासारख्यांनाच आत घेण्याकडे झुकतात. सदस्य निवडणाऱ्या समितीने हे जागं राहून पाहिलं पाहिजे.

हे शहरापुरतं आणि महागड्या फीपुरतं राहावं असं काही कारण नाही. बार्शी, इस्लामपूर, चिपळूण, परतवाडा, अशा ठिकाणी दहा-बारा वेगवेगळ्या धंद्यांची माणसं एखाद्या वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून एकदा बसू शकतात. फ्रँकलिनच्या गटात याहून जास्त माणसं नव्हती. एक वही हजेरीची, एक दिलेल्या नावांची आणि त्यांचं पुढे काय झालं याची. दर आठवड्याला एकाच्या कामाच्या जागी सगळ्यांनी जायचं. पहिले सहा महिने कुणी कामाचा आकडा विचारायचा नाही. आणि बैठकीची वेळ ठरवण्याआधी त्या गावातल्या धंदा करणाऱ्या बायकांना विचारावं. सकाळी सातची वेळ ठरवणाऱ्यांनी घरचे डबे कोण भरतं याचा विचार केलेला नव्हता. शिवणकाम, मसाले, ब्यूटी पार्लर, शिकवणी, हिशेब लिहिणं, ही कामं करणाऱ्या पुष्कळ जणींना दुपारी तीन ते साडेचार सोयीचं पडतं, आणि त्या वेळेला बाजारातली निम्मी दुकानंही बंद असतात.